दिवसा चालतं, रात्री पडतं: हायबरनेटच्या ‘नो सेशन’चं मूळ शोधताना

एका सहकारी साखर कारखान्याचं ऊसबिलाचं सॉफ्टवेअर मी काही हंगाम सांभाळलं. जावा, स्प्रिंग बूट, टेबलांतल्या ओळी जावाच्या ऑब्जेक्टमध्ये आणून देणारं हायबरनेट, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. दिवसा शेतकी विभागातला कारकून सभासदाचं खातं उघडायचा, तेव्हा त्याच्या सगळ्या खेपा, काट्यावरची वजनं, कपाती पडद्यावर व्यवस्थित दिसायच्या. रात्री दोन वाजता त्याच सभासदाचं पंधरवड्याचं बिल आपोआप तयार व्हायला लागलं की लॉगमध्ये एक ओळ उमटायची: ‘फेल्ड टु लेझिली इनिशिअलाइझ अ कलेक्शन ऑफ रोल: सभासद डॉट खेपा, कुड नॉट इनिशिअलाइझ प्रॉक्सी - नो सेशन’. बिल तिथेच थांबायचं.

सभासद तोच, डेटाबेस तोच, सर्व्हिस क्लासही तोच. तरी दिवसा चालतं आणि रात्री पडतं. हा एक्सेप्शन, म्हणजे काम मध्येच थांबवणारा एरर, ज्यांना पुन्हा पुन्हा छळतो त्यातल्या बहुतेकांच्या दुखण्याची जात हीच असते. एका ठिकाणी तो गप्प करावा, तर दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी डोकं वर काढतो. कारण आपण तो जिथे फुटला ती जागा बुजवतो. कुठला डेटा कधी आणायचा हा निर्णय मात्र कुणीच घेतलेला नसतो.

आत नेमकं काय होतं

हायबरनेटने सभासद आणला की त्याच्या खेपांच्या जागी साधी अ‍ॅरेलिस्ट नसते. तिथे हायबरनेटची स्वतःची ‘पर्सिस्टंटबॅग’ बसवलेली असते. ती ‘लेझी’, म्हणजे कुणी मागेपर्यंत रिकामी असते, आणि आपल्याला कुठल्या सेशनने (हायबरनेटच्या डेटाबेसशी चाललेल्या संवादाने) आणलं एवढं तिला ठाऊक असतं. तुम्ही साइझ विचारली किंवा फॉर लूप लावला की ती त्या सेशनकडे जाऊन म्हणते, खेपा आण. सेशन उघडं असेल तर क्वेरी जाते. बंद असेल तर विचारायला कुणी उरलेलंच नसतं, आणि एक्सेप्शन फुटतो.

एकेरी नात्यात, म्हणजे खेपेवरून टोळीकडे जाताना, बॅगेऐवजी प्रॉक्सी असते. बाइट बडी ही लायब्ररी टोळीच्या क्लासचा एक उपवर्ग चालत्या प्रोग्रॅममध्येच तयार करते आणि त्यात फक्त आयडी भरते. काट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा टोकन नंबर हातात असावा तसं हे आहे. नंबर कधीही सांगता येईल, ऊस किती टन ते काटा चालू असेपर्यंतच कळेल. म्हणूनच बंद सेशनवर टोळीचा आयडी विचारला तर मिळतो आणि मुकादमाचं नाव विचारलं की फुटतं.

इथे एक गोंधळ आधी मिटवून टाकू, कारण त्यावर मी माणसांचे अख्खे दिवस वाया गेलेले पाहिले आहेत. वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये ‘सेशन’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक एचटीटीपी सेशन, लॉगिन केल्यापासून लॉगआउट होईपर्यंत टिकणारं. दुसरं हायबरनेटचं सेशन, ज्याला जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतं त्या जावाच्या प्रमाणात) एंटिटी मॅनेजर म्हणतात. ते फार तर एका रिक्वेस्टपुरतं जगतं, बहुतेकदा त्याहूनही कमी. ‘नो सेशन’ वाचून लोक सेशन टाइमआउट वाढवत बसतात. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. दोन्हींची गाठ पडते ती एकाच ठिकाणी. लॉगिन झालेला वापरकर्ता अख्खाच्या अख्खा एंटिटी (हायबरनेटने टेबलातून आणलेला ऑब्जेक्ट) म्हणून एचटीटीपी सेशनमध्ये ठेवला, तर पुढच्या क्लिकला तो एंटिटी तिथेच असतो, पण त्याला आणणारं हायबरनेटचं सेशन केव्हाच बंद झालेलं असतं. मग त्याच्या भूमिकांच्या यादीला हात लावला की एक्सेप्शन. उपाय सरळ आहे. एचटीटीपी सेशनमध्ये आयडी आणि लागतील ती चार साधी मूल्यं ठेवा, एंटिटी ठेवू नका.

मग दिवसा का चालतं?

स्प्रिंग बूटमध्ये ‘स्प्रिंग डॉट जेपीए डॉट ओपन-इन-व्ह्यू’ नावाची एक सेटिंग आहे आणि तिचं मूळ मूल्य ‘ट्रू’ आहे. रिक्वेस्ट आत आली की एक इंटरसेप्टर एंटिटी मॅनेजर उघडून त्या थ्रेडला बांधून ठेवतो आणि उत्तर पूर्ण तयार झाल्यावरच तो बंद करतो. मधल्या काळात सर्व्हिसचं ट्रान्झॅक्शन (डेटाबेसवरचं एकसंध काम) संपलं, कंट्रोलरमध्ये परत आलो, थायमलीफने पान रंगवायला घेतलं किंवा जॅक्सनने जेसन लिहायला घेतलं, तरी सेशन उघडंच असतं. कुणीही कुठूनही गेटखेपा म्हटलं की क्वेरी जाते.

रात्रीच्या शेड्यूलरला वेब रिक्वेस्टच नसते, म्हणून इंटरसेप्टरही नसतो. तिथे डेटाबेसमधून ओळी आणणाऱ्या रिपॉझिटरीची फाइंडबायआयडी मेथड स्वतःपुरतं ट्रान्झॅक्शन उघडते, सभासद आणते आणि परतताना सेशन बंद करते. पुढच्याच ओळीत खेपा मागितल्या की संपलं. असिंक मेथड, काफ्का किंवा रॅबिट या संदेशांच्या रांगांचे लिसनर, अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना चालणारा कमांडलाइन रनर, या सगळ्यांची गत हीच.

स्प्रिंग बूट 2.0 पासून, म्हणजे 2018 पासून, ही सेटिंग तुम्ही स्वतः लिहिली नसेल तर अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच लॉगमध्ये इशारा येतो की पान रंगवतानाही डेटाबेसवर क्वेरी जाऊ शकतात. आमच्या लॉगमध्ये तो इशारा रोज सकाळी यायचा. सुरुवातीच्या दीडदोनशे ओळींत तो वाचायला कुणी थांबत नव्हतं.

निदान: कुठे बघायचं

सगळ्यात आधी संदेश नीट वाचा. ‘रोल’नंतर क्लास आणि फील्डचं नाव असतं, तेव्हा कुठली यादी हे त्यातच कळतं. संदेशात यादीऐवजी एंटिटीचं नाव आणि नंबर दिसला तर दोष एकेरी नात्याच्या प्रॉक्सीत आहे. हायबरनेटच्या नव्या आवृत्त्यांत शब्दरचना थोडी बदलली आहे, अर्थ तोच.

मग स्टॅक ट्रेसमध्ये वरून खाली येत तुमच्या स्वतःच्या पॅकेजची पहिली ओळ शोधा. यादीला हात तिथे लागला. ती ओळ बघून पुष्कळदा आश्चर्य वाटतं, कारण खेपा मागणारी अशी ओळ तुम्ही लिहिलेलीच नसते. आमच्याकडे एकदा ती ओळ होती लॉगरची: ‘बिल तयार’ आणि पुढे सभासद. लॉगरने ऑब्जेक्टचा मजकूर करणारी टूस्ट्रिंग मेथड बोलावली. क्लासवर अशा मेथड आपोआप लिहून देणाऱ्या लॉम्बॉकचं ‘डेटा’ हे अ‍ॅनोटेशन होतं, त्याने बनवलेल्या टूस्ट्रिंगमध्ये सगळी फील्डं, म्हणजे खेपाही. नुसता लॉग लिहायला गेलो आणि बिल पडलं. हॅशकोडचंही तेच. एंटिटी हॅशसेटमध्ये टाकला की लॉम्बॉकचा हॅशकोड यादीपर्यंत पोचतो. एंटिटीवर ‘डेटा’ लावूच नये असं माझं ठाम मत आहे. गेटर, सेटर वेगळे लावा, आणि टूस्ट्रिंग हवंच असेल तर नात्यांची फील्डं त्यातून वगळा.

स्टॅक ट्रेसमध्ये तुमची ओळच नसेल आणि जॅक्सनचे सीरियलायझर दिसत असतील, तर कंट्रोलरने एंटिटी थेट परत दिली आहे. त्याच घरातला दुसरा एक एरर म्हणजे ‘नो सीरियलायझर फाउंड फॉर क्लास’ आणि पुढे बाइटबडीइंटरसेप्टर. जॅक्सन प्रॉक्सीच्या पोटात शिरून जेसन करू पाहतोय, इतकाच त्याचा अर्थ. सभासदातून खेप आणि खेपेतून परत सभासद असं चक्र असेल तर स्टॅकओव्हरफ्लो. जेसनइग्नोर लावून दोन्ही गप्प बसतात, पण एंटिटी बाहेर जातोय हे मूळ तसंच राहतं.

हात कुठे लागला ते कळलं. आता सेशन कधी बंद झालं ते बघायचं. त्यासाठी स्प्रिंगच्या जेपीएट्रान्झॅक्शनमॅनेजरचा लॉग डीबगवर लावा. हे पाऊल फार थोडे लोक उचलतात आणि नेमकं तेच सगळं उघड करतं. रात्रीच्या कामात आम्हाला ओळी अशा दिसल्या: ‘ओपन्ड न्यू एंटिटीमॅनेजर’, मग एक सिलेक्ट, मग ‘क्लोझिंग जेपीए एंटिटीमॅनेजर आफ्टर ट्रान्झॅक्शन’, आणि त्याच्या लगेच खाली आमचा एक्सेप्शन. दिवसाच्या रिक्वेस्टमध्ये त्याच जागी होतं: ‘फाउंड थ्रेड-बाउंड एंटिटीमॅनेजर’ आणि शेवटी ‘नॉट क्लोझिंग प्री-बाउंड जेपीए एंटिटीमॅनेजर’. दिवस आणि रात्र यांतला सगळा फरक या ओळींत आहे. दोन्ही लॉग शेजारी शेजारी ठेवून टीमला दाखवा, तासभराचं व्याख्यान वाचतं.

डीबगरबद्दल सावध राहा. ब्रेकपॉइंटवर थांबून व्हेरिएबल्सच्या खिडकीत सभासद उघडून बघितला की आयडीई तुमच्यासाठी टूस्ट्रिंग आणि साइझ बोलावतो. सेशन त्या क्षणी उघडं असेल तर खेपा तिथेच येऊन बसतात, आणि पुढे दोष दिसतच नाही. ‘डीबगमध्ये चालतं, एरवी पडतं’ असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो.

ट्रान्झॅक्शनल लावलं तरी का पडतं

पहिला सल्ला सगळीकडे हाच मिळतो: मेथडवर ट्रान्झॅक्शनल लावा. सल्ला बरोबर आहे, पण ते अ‍ॅनोटेशन लावलं म्हणजे लागू झालं असं नव्हे. स्प्रिंग तुमच्या बीनभोवती, म्हणजे त्याने स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टभोवती, स्वतःची वेगळी प्रॉक्सी गुंडाळतं आणि ट्रान्झॅक्शन उघडण्याचं काम ती प्रॉक्सी करते. बाहेरून आलेली हाक तिच्यातून जाते. त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला बोलावलं तर ती हाक आतल्या आतच राहते, प्रॉक्सीला पत्ताच लागत नाही. आमच्या शेड्यूलरमध्ये नेमकं हेच होतं. ‘रात्रीचंबिल’ ही शेड्यूल केलेली मेथड, तिच्यातून त्याच क्लासमधल्या ‘सभासदाचंबिल’ला हाक, आणि ट्रान्झॅक्शनल होतं ते दुसरीवर. सहा महिने ते अ‍ॅनोटेशन तिथे शोभेला होतं. मेथड वेगळ्या बीनमध्ये हलवल्यावर ट्रान्झॅक्शन खरोखर उघडायला लागलं.

प्रायव्हेट मेथडवर लावलेलं अ‍ॅनोटेशनही तसंच वाया जातं. ‘न्यू’ म्हणून स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टवर तर स्प्रिंगचा हातच नसतो. शंका असेल तर त्या मेथडच्या पहिल्या ओळीत ट्रान्झॅक्शनसिंक्रोनायझेशनमॅनेजरला ‘इजअ‍ॅक्चुअलट्रान्झॅक्शनअ‍ॅक्टिव्ह’ असं विचारा आणि उत्तर लॉगमध्ये टाका. ‘फॉल्स’ आलं की पुढचा शोध कुठे घ्यायचा ते कळलं.

थ्रेडची गोष्ट वेगळी आहे. स्प्रिंग एंटिटी मॅनेजर थ्रेडला बांधतं. असिंक मेथडला तुम्ही एंटिटी दिलात तर ती दुसऱ्या थ्रेडवर चालू होईपर्यंत इकडचं सेशन बंदही झालेलं असेल, किंवा नसेलही. म्हणून हा दोष कधी येतो, कधी येत नाही. असिंककडे आयडी द्या आणि तिकडे नव्याने आणा. ट्रान्झॅक्शनच्या आत पॅरलल स्ट्रीम लावणं त्याहून वाईट. तिथे बॅगेला आपलं सेशन उघडं सापडतं, म्हणून ‘नो सेशन’ येत नाही. पण हायबरनेटचं सेशन एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचं असतं. चार थ्रेड त्यात घुसले की असे काही एरर येतात की त्यांचं नातं लेझी लोडिंगशी आहे हे सुचतही नाही.

जे उपाय करू नयेत

ईगर, म्हणजे मागण्याची वाट न बघता लगेच आणणं. वनटूमेनी (एका सभासदाच्या अनेक खेपा) मुळात लेझी असतं, ते ईगर केलं की एक्सेप्शन जातो, हे खरं. पण मग सभासदाचं नुसतं नाव हवं असलेल्या प्रत्येक पडद्यावर त्याच्या खेपाही येतात. मॅपिंगमध्ये लिहिलेलं ईगर एखाद्या क्वेरीपुरतं लेझी करणं सहजासहजी जमत नाही. उलटं मात्र सहज होतं, लेझी नातं एका क्वेरीपुरतं आधीच आणता येतं. म्हणून मॅपिंगमध्ये सगळं लेझीच हवं. यातली फसगत अशी की मेनीटूवन आणि वनटूवन ही नाती जेपीएच्या नियमाने मुळातच ईगर असतात. त्यांच्यावर लेझी हे हाताने लिहावं लागतं आणि जुन्या कोडमध्ये ते क्वचितच लिहिलेलं असतं.

दुसरा उपाय ‘एनेबल लेझी लोड नो ट्रान्स’ या हायबरनेटच्या सेटिंगचा. शोधलं की सापडतो, एका ओळीत एक्सेप्शन जातो, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. सेशन बंद असेल तर हायबरनेट त्या एका यादीसाठी तात्पुरतं सेशन उघडतं, क्वेरी करतं आणि बंद करतं. प्रत्येक यादीसाठी पुन्हा. मूळ सभासद एका ट्रान्झॅक्शनमध्ये वाचलेला आणि त्याच्या खेपा दुसऱ्यात. पैशाच्या हिशेबात मला हे मुळीच मान्य नाही. दोन वाचनांच्या मध्ये काट्यावर एक पावती दुरुस्त झाली तर बेरीज कुठल्या क्षणाची धरायची?

तिसरा उपाय ओपन-इन-व्ह्यू तसंच ठेवून देणं. याची किंमत आम्ही हंगामाच्या ऐन भरात मोजली. बिल पाहायचं पान उघडलं की सभासदाला एसएमएस जाईल अशी सोय कुणीतरी कंट्रोलरमध्ये घातली होती. एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा त्या दिवशी संथ होती, एकेका निरोपाला तीन सेकंद. ओपन-इन-व्ह्यूमध्ये सेशनने एकदा घेतलेलं डेटाबेस कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत त्याच्याच हातात राहतं. उघडी कनेक्शनं राखून ठेवणाऱ्या हिकारी पूलमध्ये मूळ सेटिंगनुसार कनेक्शनं 10. प्रत्येक कनेक्शन तीन सेकंद अडकणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन रिक्वेस्ट पुढे सरकणार. बाकीच्या रांगेत, आणि 30 सेकंदांनी त्यांच्या नशिबी ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर 30000 एमएस’. डेटाबेस त्या वेळी मोकळा बसला होता. आम्ही पूल 10 वरून 40 केला, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. हिकारीची ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ 2000 मिलिसेकंदांवर लावली तेव्हा लॉगमध्ये कनेक्शन धरून बसलेल्या कोडचा स्टॅक ट्रेस आला, आणि शोध घेत आम्ही त्या एसएमएसच्या ओळीपाशी पोचलो.

दुखणं एकच होतं हे तेव्हा ध्यानात आलं. रात्री सेशन लवकर बंद होतं म्हणून पडत होतं, दिवसा उशिरा बंद होतं म्हणून.

मग करायचं काय

सर्व्हिसच्या मेथडने आत काय लागणार ते आधी ठरवायचं, ट्रान्झॅक्शनच्या आत तेवढंच आणायचं आणि बाहेर साधी वस्तू द्यायची. यासाठी हत्यारं तीनचार आहेत आणि प्रत्येकाची खोच वेगळी.

जॉइन फेच, म्हणजे सभासद आणि खेपा एकाच क्वेरीत आणणं, हे सगळ्यात सरळ: ‘सिलेक्ट स फ्रॉम सभासद स लेफ्ट जॉइन फेच स.खेपा व्हेअर स.गट = :गट’. इथे ‘लेफ्ट’ विसरलात तर ज्यांची अजून एकही खेप झाली नाही ते सभासद यादीतून गायब होतात आणि कुठलाही एरर येत नाही. हायबरनेट 5 मध्ये अशा क्वेरीला ‘डिस्टिंक्ट’ लावावं लागायचं, नाहीतर तोच सभासद खेपांइतक्या वेळा यादीत यायचा. 6 पासून हायबरनेट ते स्वतःच निस्तरतं.

आता त्याच क्वेरीत कपातीही जॉइन फेच करायला जा. दोन्ही याद्या ‘लिस्ट’ असतील तर ‘मल्टिपलबॅगफेचएक्सेप्शन’ येतो. बरेच जण ‘लिस्ट’चं ‘सेट’ करतात, एक्सेप्शन जातो आणि पान हळू होतं. का ते आकड्यांत बघा. एका सभासदाच्या 20 खेपा, 6 कपाती. दोन्ही एकत्र जोडल्या की डेटाबेस प्रत्येक खेपेसमोर प्रत्येक कपात ठेवतो, 120 ओळी. गटात 300 सभासद असतील तर 36,000 ओळी तारेवरून येतात. तेच दोन वेगळ्या क्वेरींत आणलं तर 6,000 आणि 1,800, मिळून 7,800. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी सभासद आणि खेपा, मग त्याच सभासदांसाठी कपाती अशा दोन क्वेरी करा. सेशनमध्ये सभासद आधीच असतात, दुसऱ्या क्वेरीच्या कपाती त्यांच्यावरच जाऊन बसतात. तो एक्सेप्शन खरं म्हणजे तुमच्या भल्याचाच होता.

पानं पाडायची असतील, एका वेळी 50 सभासद, तर जॉइन फेचबरोबर पेजिंग लावू नका. एका सभासदाच्या अनेक ओळी होत असल्यामुळे डेटाबेसला ‘पहिले 50 सभासद’ कापता येत नाहीत, म्हणून हायबरनेट सगळा गट मेमरीत आणतं आणि तिथे कापतं. लॉगमध्ये फक्त एक इशारा येतो, त्याच्या शेवटी ‘अप्लाइंग इन मेमरी’ असं असतं. ‘हायबरनेट डॉट क्वेरी डॉट फेल ऑन पेजिनेशन ओव्हर कलेक्शन फेच’ ही सेटिंग ट्रू केली की इशाऱ्याऐवजी एक्सेप्शन येतो. प्रत्येक नव्या प्रकल्पात मी ती पहिल्या दिवशी लावतो. पेजिंगसाठी आधी फक्त 50 आयडी आणा, मग त्या आयडींसाठी जॉइन फेच.

रिपॉझिटरीच्या मेथडवर एंटिटी ग्राफ लिहूनही हेच साधतं. जेपीए 2.1 पासून, म्हणजे 2013 पासून, तो प्रमाणित आहे. क्वेरी न बदलता ‘या वेळी खेपाही हव्यात’ असं सांगता येतं. छोट्या ठिकाणी मी तोच वापरतो.

जुन्या, मोठ्या कोडमध्ये प्रत्येक क्वेरी लगेच सुधारणं शक्य नसतं. तिथे ‘डीफॉल्ट बॅच फेच साइझ’ फार कामाला येते. ट्रान्झॅक्शनच्या आत 300 सभासदांवर लूप फिरवून खेपा मागितल्या तर मूळची एक आणि 300, अशा 301 क्वेरी जातात. बॅच 50 ठेवली की एका सभासदाच्या खेपा आणताना हायबरनेट सेशनमधल्या आणखी 49 जणांच्याही आणून ठेवतं, आणि 301 च्या 7 होतात. कोडची एकही ओळ बदललेली नसते. ‘नो सेशन’वर मात्र हा उपाय नाही, सेशन उघडं हवंच.

आणि जिथे फक्त वाचायचं आहे, तिथे एंटिटी आणूच नका. बिलाच्या पानाला सभासदाचं नाव, एकूण टन, दर, कपात आणि निव्वळ रक्कम हवी असते. क्वेरीतूनच ते थेट एका जावा रेकॉर्डमध्ये भरून घ्या. रेकॉर्ड जावा 16 पासून भाषेत पक्के झाले आहेत आणि या कामाला चपखल बसतात. त्यात प्रॉक्सी नाही, बॅग नाही, म्हणून लेझी लोडिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. मला विचाराल तर वेब अ‍ॅप्लिकेशनमधले बहुतेक पडदे असेच असायला हवेत, आणि एंटिटी जिथे काहीतरी बदलून साठवायचं आहे तिथेच.

एक जागा मात्र अशी आहे जिथे लेझी लिहूनही लेझी होत नाही. वनटूवन नात्याची उलटी बाजू, जिथे ‘मॅप्डबाय’ लिहिलेलं असतं. सभासदाच्या टेबलात बँक खात्याची परकी किल्लीच (फॉरिन की) नाही, त्यामुळे खातं आहे की नाही हे क्वेरी केल्याशिवाय हायबरनेटला कळत नाही, आणि नसेल तर तिथे नल ठेवायचा असतो, प्रॉक्सी नव्हे. म्हणून ते दर वेळी क्वेरी करतं. नातं फक्त खात्याच्या बाजूने लिहा, खात्याला सभासदाचाच आयडी द्या आणि लागेल तेव्हा आयडीवरून खातं शोधा.

टेस्टनी का पकडलं नाही

आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. टेस्टच्या क्लासवरच ट्रान्झॅक्शनल होतं, म्हणजे टेस्ट संपेपर्यंत सेशन उघडं. सर्व्हिसचं ट्रान्झॅक्शन त्यातच सामील व्हायचं आणि लेझी लोडिंग कुठेही बिनबोभाट चालायचं. ‘डेटाजेपीएटेस्ट’ तर ते अ‍ॅनोटेशन स्वतःबरोबरच घेऊन येतं. टेस्टनंतर डेटा आपोआप पुसला जावा म्हणून ही सोय, पण तिच्यामुळे नेमका हा दोष झाकला जातो. सर्व्हिसच्या टेस्टवरून ट्रान्झॅक्शनल काढा आणि डेटा पुसायचं काम हाताने करा. ते काढलं त्या दिवशी आमच्या 11 टेस्ट लाल झाल्या, आणि त्या अकराही जागा खऱ्या निघाल्या.

ओपन-इन-व्ह्यू चालत्या सिस्टिममध्ये एका दिवसात बंद करू नका. आम्ही आधी फक्त डेव्हलपमेंटच्या मशिनांवर ‘फॉल्स’ केलं आणि कारखान्यातल्या कारकुनाबरोबर बसून त्याचे रोजचे पडदे त्याच्याच क्रमाने उघडत गेलो. जिथे फुटेल तिथलं ‘रोल’चं नाव वहीत लिहून घेतलं. यादी वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली, कारण निम्मे एक्सेप्शन त्याच दोन नात्यांवरून येत होते. ते सुधारले, मग चाचणीच्या सर्व्हरवर, आणि गाळप हंगाम संपल्यावर खऱ्या सर्व्हरवर.

रात्रीचं काम शेवटी असं झालं. आधी गटातल्या सभासदांचे फक्त आयडी आणायचे. ते शंभर शंभरच्या तुकड्यांत वेगळ्या बीनकडे द्यायचे, प्रत्येक तुकड्याला स्वतःचं ट्रान्झॅक्शन. आत खेपांची एक क्वेरी, कपातींची एक, हिशेब करून बिल साठवायचं आणि बाहेर रेकॉर्डची यादी द्यायची. एसएमएस त्या यादीवरून, ट्रान्झॅक्शन संपल्यावर, कनेक्शन पूलला परत गेल्यावर. एखादा तुकडा पडला तरी बाकीचे पुढे जातात आणि पडलेले आयडी लॉगमध्ये राहतात.

पुन्हा बिघडू नये म्हणून टेस्टमध्ये ‘हायबरनेट डॉट जनरेट स्टॅटिस्टिक्स’ चालू केलं आणि तुकड्यातल्या सिलेक्टची संख्या मोजायला लावली. टेस्ट तेच काम दोनदा करते, एकदा 10 सभासद घेऊन आणि एकदा 100. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला पाहिजे. पुढच्या हंगामात एका नव्या मुलाने बिलात वाहतूकदाराचं नाव घातलं. कोड नीट चालत होता, पडद्यावर नाव बरोबर दिसत होतं. टेस्टमध्ये 10 सभासदांना 5 सिलेक्ट गेले आणि 100 ना 41, आणि त्याने स्वतःच जाऊन क्वेरीत जॉइन फेच घातला.